विज्ञानकथेतली जुनी यंत्रं: चुकून राहिलेली आणि मुद्दाम आणलेली

तिरपावाचक

ॲसिमॉव्हच्या ‘द लास्ट क्वेश्चन’ (१९५६) मध्ये साल आहे २०६१. मल्टिव्हॅक नावाचा संगणक मैलोन्‌मैल पसरलाय. सूर्याची ऊर्जा थेट वापरायची कशी, हे त्यानं माणसाला शोधून दिलंय. आता दोन तंत्रज्ञ पैज लावून त्याला विचारतात की विश्वाची एन्ट्रॉपी (ऊर्जा विखरून निकामी होत जाणं) उलटी फिरवता येईल का. यंत्र गप्प होतं, आणि मग टेलिप्रिंटर खडखडून उत्तराची एक ओळ छापतो. विश्वाच्या अंताबद्दलचं उत्तर, आणि तेही कागदाच्या पट्टीवर!

हाइनलाइनच्या ‘स्टारमॅन जोन्स’ (१९५३) मध्ये याच्याही पुढचा प्रकार आहे. यान एका ताऱ्याजवळून दुसऱ्याकडे उडी मारतं, पण त्याआधी दिशादर्शक मंडळी छापील कोष्टकांच्या पुस्तकात आकडे शोधतात, ते द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत बदलतात आणि हातानं संगणकात भरतात. नायकाचं सगळं भांडवल म्हणजे काकाच्या पुस्तकांतली ती कोष्टकं त्याला तोंडपाठ आहेत. ऐन वेळी पुस्तकं नाहीशी होतात आणि हा पोरगा आठवणीवर यान परत आणतो.

पहिल्यांदा हसू येतं. पण नीट बघा, कथा पडत नाही. ती उभीच त्या कोष्टकांवर आहे. कोष्टकं संगणकाच्या आत असती तर नायकाला करायला काही उरलंच नसतं.

हा झाला चुकून जुना झालेला माल. लेखकाला तो जुना वाटत नव्हता. दुसरा प्रकार मुद्दाम आणलेल्या मालाचा. आजचा लेखक तेविसाव्या शतकातल्या यानात कॅसेट, हिरव्या अक्षरांचा पडदा आणि खटके असलेली पाटी ठेवतो तेव्हा तो काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक असतं. अलीकडच्या बऱ्याच कथांत मला ही यंत्रं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडलेल्या भांड्यांसारखी वाटतात. कुणी त्यातून पाणी पीत नाही.

म्हणून माझी एक कसोटी आहे. ते जुनं यंत्र काढा आणि तिथे आजचा फोन ठेवा. कथेत काही मोडलं तर यंत्र खरं. काहीच मोडलं नाही तर ती सजावट. तुमच्या वाचनातली उदाहरणं या कसोटीवर घासून बघायला आवडेल. उलट बाजूनं मारलंत तरी चालेल.

निर्वातनळी

छान विषय. पहिल्या प्रकाराबद्दल दोन गोष्टी.

त्या काळच्या कथांतला नायक खिशातून स्लाइड रूल (सरकत्या पट्टीनं गुणाकार-भागाकार करायची मोजपट्टी) काढतो याची आज टिंगल होते. ज्यांनी कधी वापरली असेल त्यांना माहीत आहे की स्लाइड रूल फक्त अंक देते, तेही साधारण तीन. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते ती सांगत नाही. उत्तर ३.६ की ३६० की ०.०३६, हे वापरणाऱ्याला आधीच डोक्यात अंदाजानं काढावं लागतं. म्हणजे नायकाच्या हातात स्लाइड रूल देणं याचा अर्थ त्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचकाला दाखवणं. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि स्लाइड रूलचा धंदा काही वर्षांत बसला. त्याबरोबर कथेतलं ते दृश्यही गेलं. बटणं दाबणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. आणि तसं बघितलं तर अपोलोच्या अंतराळवीरांबरोबरही स्लाइड रूल जात होतीच, त्यामुळे त्या लेखकांना फार हसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कची. ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्यानं भूस्थिर कक्षेत (जिथलं स्थानक पृथ्वीवरून एकाच जागी उभं दिसतं) तीन स्थानकं ठेवून साऱ्या पृथ्वीला संदेश पुरवायची कल्पना मांडली. भूमिती अचूक होती. पण त्याच्या डोळ्यांपुढे होती माणसं राहतील अशी स्थानकं, कारण जळलेले व्हॉल्व (त्या काळच्या यंत्रांतल्या काचेच्या निर्वात नळ्या) बदलायला कुणीतरी लागणारच. व्हॉल्वची जागा घेणारा ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ चा. कक्षा बरोबर सांगितली आणि सुटा भाग चुकला! मला हा प्रकार ‘कालबाह्य’ या शब्दात बसवता येत नाही. भविष्य नेहमी आजच्या सुट्या भागांतूनच जोडावं लागतं.

शंकासुर

तिरपावाचक, कसोटी ऐकायला झकास आहे, पण तिच्यात एक गृहीतक लपलंय: कथेत जे काही आहे त्यानं कथानकाची गाडी ओढलीच पाहिजे. का बुवा? वातावरण हेही काम नाही का? पावसाचं वर्णन काढून टाकलं तरी बहुतेक कथांत काही मोडत नाही. मग पाऊस सजावट का?

अवकाशवेडी

शंकासुरांना अर्धं अनुमोदन. मी पडद्यावरच्या विज्ञानकथांबद्दल बोलते.

‘एलियन’ (१९७९) या चित्रपटातलं मालवाहू यान बघा. जाडजूड पडदे, खटके, लुकलुकणारे दिवे. १९७९ मध्ये ते जुनाट नव्हतं, पण चकचकीतही नव्हतं. ते कामगारांचं यान होतं, तेलकट आणि वापरून गुळगुळीत झालेलं. २०१४ मध्ये त्यावर ‘एलियन: आयसोलेशन’ हा गेम आला, तेव्हा करणाऱ्यांनी ठरवलं की १९७९ नंतरचं काहीही आत येऊ द्यायचं नाही. पडद्यावरची चित्रं त्यांनी खऱ्या व्हिडिओ टेपवर उतरवली आणि जुन्या टीव्हीवर चालवून, बिघडवून परत घेतली. ती थरथर संगणकावर काढलेली नाही.

आता तुमची कसोटी लावा. त्या गेममध्ये हातातलं शोधयंत्र जवळचं बघताना लांबचं धूसर होतं आणि लांबचं बघताना यंत्रावरचं. मागावर असलेलं श्वापद कुठे आहे हे कळायला तुम्हाला नजर खाली घालावी लागते. आजचा फोन दिला तर तो थरथरून सांगेल ‘मागे बघ’, आणि भीती संपली. म्हणजे इथे यंत्राचा अपुरेपणाच सगळं काम करतोय.

आणखी एक साधं कारण आहे, त्यावर कुणी बोलत नाही. खटका ओढताना माणूस दिसतो. काचेवर बोट फिरवणारा नट काय करतोय ते प्रेक्षकाला कळत नाही. तो यान वाचवत असेल किंवा निरोपाला उत्तर देत असेल, बोट तेच.

शंकासुर

शेवटचा परिच्छेद पटला. बाकी अर्ध्या अनुमोदनाबद्दल अर्धे आभार.

निर्वातनळी

अवकाशवेडी यांच्या ‘अपुरेपणाच काम करतोय’ला जोडून: कधी कधी जुनेपणाच वाचवतो. २००३ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या टीव्ही मालिकेत हे फार नेटकं केलंय. जहाज निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात आहे. वायरचे फोन, एकमेकांना न जोडलेले संगणक. कप्तान जाळं जोडू देत नाही, कारण मागच्या युद्धात शत्रूनं त्यातूनच शिरकाव केला होता. नवी जहाजं एका फटक्यात बंद पडतात आणि हे म्हातारं टिकतं.

हे लेखकाच्या सोयीचं वाटेल, पण प्रत्यक्षातही तसंच आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाची संदेशयंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. इंटरनेटला जोडलेलंच नाही, तर बाहेरचा घुसणार कुठून? मंगळावरची क्युरिऑसिटी (२०१२) आणि पर्सिव्हिरन्स (२०२१) या दोन्ही गाड्यांत आरएडी७५० हाच प्रोसेसर आहे, वेग फार तर २०० मेगाहर्ट्‌झ. मूळ आराखडा नव्वदच्या दशकातला. अवकाशातला एखादा भारित कण चिपवर आदळला की एखादा बिट उलटतो, आणि चिपमधले घटक जितके बारीक तितका हा धोका मोठा. म्हणून जाड, मंद आणि वर्षानुवर्षं पारखलेली चिप पाठवतात. तेव्हा यानात जुना संगणक दाखवणाऱ्या लेखकाला ‘संशोधन केलं नाही’ म्हणण्याआधी थांबावं.

प्रकाशवर्ष

निर्वातनळी, पर्सिव्हिरन्सच्याच पोटातून उतरलेलं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर मात्र फोनमध्ये असते तसल्या प्रोसेसरवर उडत होतं, स्नॅपड्रॅगन ८०१. चाचणीपुरत्या पाच उड्डाणांसाठी पाठवलं होतं, ७२ केली. एकाच मोहिमेत जुनी चिप आणि फोनची चिप शेजारी शेजारी! म्हणजे ‘अवकाशात जुनंच टिकतं’ हेही पूर्ण खरं नाही. काय पणाला लावायचं तेवढा फरक. गाडी गेली तर मोहीम गेली. हेलिकॉप्टर गेलं असतं तर वाईट वाटलं असतं इतकंच.

कथेसाठी ही सोय चांगली आहे. एकाच यानात दोन पिढ्यांची यंत्रं, आणि कुठे कोणतं लावलंय यावरून कळतं की बांधणाऱ्यांना कशाची भीती होती.

तिरपावाचक

प्रकाशवर्ष, शेवटचं वाक्य उचलून ठेवलंय.

शंकासुरांच्या पावसाबद्दल. पाऊस कुणाला गतकाळात नेत नाही, कॅसेट नेते. जुनं यंत्र कथेत आणलं की वाचकाची स्वतःची आठवण फुकटात कामाला लागते. लेखकानं काहीच कमावलेलं नसतं आणि वाचकाचे डोळे भरून येतात. माझा आक्षेप तिथे आहे. म्हणून मला त्या कथा आवडतात ज्या या भावनेवरच संशय घेतात.

ब्रॅडबरीची ‘मार्स इज हेवन!’ (१९४८) वाचली नसेल तर इथून पुढचे दोन परिच्छेद सोडा, शेवट फोडतोय.

पृथ्वीवरून यान मंगळावर उतरतं आणि समोर काय, तर कप्तानाच्या लहानपणीचं छोटं गाव. हिरवळ, ओसरीचा झोपाळा, कुणाच्या तरी घरातून पियानोचे सूर. मग एकेकाचे मेलेले आजी-आजोबा, आई-वडील, भाऊ दार उघडून बाहेर येतात. पहाऱ्यावर ठेवलेले खलाशीसुद्धा यान सोडून पळतात. रात्री कप्तान भावाशेजारी अंथरुणावर पडतो आणि तेव्हा कुठे विचार करतो: समजा, आपल्याला शस्त्र खाली ठेवायला लावायचं असेल, तर आपल्याच आठवणींपेक्षा चांगलं हत्यार कोणतं? तो हळूच उठतो. दारापर्यंत पोचत नाही.

सकाळी गावाचा बँड वाजतो आणि शवपेट्या पुरल्या जातात. यात जुन्या वस्तूंची रेलचेल आहे आणि प्रत्येक वस्तू म्हणजे गळ आहे. वाचकालाही आधी त्या झोपाळ्यावर बसवलं जातं आणि मग पायाखालची फळी काढली जाते. माझ्या मते स्मरणरंजनावर विज्ञानकथेनं याहून नेमकं काही लिहिलेलं नाही, आणि ते पाऊणशे वर्षांपूर्वी लिहून झालंय.

पानकिडा

‘याहून नेमकं नाही’ला हरकत. फिलिप के. डिक आहे.

‘युबिक’ (१९६९) मध्ये वस्तू मागे सरकायला लागतात. नायकाच्या घरातला टीव्ही बघता बघता जुना लाकडी पेटीतला रेडिओ होतो. गाडी आधी १९३९ ची असते, थोड्या वेळानं १९२९ ची फोर्ड होते. औषधाचा फवारा मलमाची बरणी होऊन बसतो, ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी. कादंबरीचा काळ १९९२ चा, तेव्हा १९६९ च्या वाचकाला हे दुहेरी लागलं असणार: कल्पित भविष्य कोसळून थेट त्याच्या आईबापांच्या तरुणपणात येतं. तिथे जुनी वस्तू गोड नाहीच. ती मरणाची खूण आहे. प्रत्येक नव्या वस्तूच्या पोटात तिची जुनी रूपं दडून बसलीत आणि जोर ओसरला की ती वर येतात, असा तो विचार.

आता कसोटी लावा पाहू. रेडिओच्या जागी फोन ठेवला तर? काहीही मोडत नाही, फोन थोड्या वेळानं रेडिओ होईल. तुमची कसोटी इथे उत्तरच देत नाही, आणि तरी जुन्या यंत्रांवर याहून मोठी कादंबरी मी वाचलेली नाही.

डिकच्याच ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) मध्ये इतिहास वेगळाच घडलाय आणि तिथे दोन सिगारेट लायटर आहेत. एक रूझवेल्टचा खून झाला तेव्हा त्याच्या खिशात होता, दुसरा नव्हता. दोन्ही हुबेहूब. मालक एका बाईला विचारतो, सांग कोणता? हातात घेऊन कळत नाही, वास घेऊन कळत नाही. फरक आहे तो सोबतच्या कागदात. त्या कादंबरीत जुन्या अमेरिकी वस्तूंचा अख्खा बाजार आहे आणि त्यात बनावट माल खच्चून भरलाय. स्मरणरंजनाचा धंदा कसा चालतो ते साठ वर्षांपूर्वी सांगून झालं.

तिरपावाचक

पानकिडा, ‘युबिक’पुढे कसोटी अडते हे बरोबर. तिथे यंत्र हे पात्र नाही, काळ हे पात्र आहे. ती कादंबरी मी कसोटीबाहेर ठेवतो.

शंकासुर

वा! जे बसत नाही ते बाहेर.

आता वाफेच्या यंत्रांच्या कथांचं, म्हणजे स्टीमपंकचं बघू. पितळी चाकं, चामड्याचे चष्मे, हवाई जहाजं. ते सगळं वातावरण मला आवडतं हे आधीच सांगतो. पण त्यातल्या शेकडो कथांत कोळसा कोण फोडतो ते दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातला धूर, गिरण्यांतली पोरं, वसाहतींतून ओरबाडलेला कच्चा माल हे सगळं पुसून फक्त पितळ ठेवलं की मग तो काळ मोहक होणारच. गिब्सन आणि स्टर्लिंगच्या ‘द डिफरन्स इंजिन’ (१९९०) मध्ये तसं नाही. बॅबेज या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञाचं गणकयंत्र खरंच बनलं असतं तर काय, असा प्रश्न घेऊन ते जातात. लंडन दुर्गंधीनं गुदमरतं, दंगे होतात, आणि यंत्राचा पहिला उपयोग म्हणजे सरकारकडे प्रत्येकाची नोंद. तिथे पितळेला घाण वास आहे.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, लंडनच्या विज्ञान संग्रहालयानं बॅबेजच्या १८४० च्या दशकातल्या आराखड्यांवरून डिफरन्स इंजिन क्रमांक २ चा गणिती भाग बांधून चालवला. छपाईचा भाग २००२ मध्ये पुरा झाला. सगळं मिळून आठ हजार भाग, वजन पाच टन. आराखडा बरोबर होता. बॅबेज पैशाला आणि माणसांशी जमवून घेण्याला कमी पडला.

पानकिडा

गिब्सन निघालाच आहे तर: ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) त्यानं साध्या हाताच्या टाइपरायटरवर लिहिली. तिच्यात तीन मेगाबाइटची चोरटी मेमरी म्हणजे मोठा ऐवज आहे, त्यावर आज हसतात. पण पब्लिक फोनचा प्रसंग आठवा. नायक फोनच्या रांगेसमोरून चालतो आणि तो जाईल तसा एकेक फोन एकदाच वाजतो. यंत्रबुद्धी त्याला शोधतेय. खिशातला एकच फोन पुन्हा पुन्हा वाजला असता तर ते वसुलीवाल्यांचं काम वाटलं असतं. तिरपावाचक, ही घ्या तुमच्या कसोटीला, इथे ती चालते. आणि हे यंत्र मुद्दाम आणलेलं नाही, चुकून राहिलेलं आहे. तुमचे दोन प्रकार इतके वेगळे नाहीत.

अर्धालेखक

माझा प्रश्न थोडा स्वार्थी आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानावरची कथा लिहितोय. निघून दोनशे वर्षं झालीत. नायिकेला एक कॅसेट आणि टेपरेकॉर्डर सापडतो, त्यात पहिल्या पिढीतल्या बाईचा आवाज आहे. ती तो ऐकते आणि तिला कळतं की यान कुठे जाणार होतं ते सगळ्यांना खोटं सांगितलं गेलंय. इथलं वाचून आता धास्ती वाटतेय. फोन ठेवला तरी कथेत काही मोडत नाही. मग कॅसेट काढू का?

निर्वातनळी

काढू नका, पण वाजू देऊ नका. निदान इतक्या सहज नको.

कॅसेटची फीत प्लास्टिकची, वर लोहाच्या ऑक्साइडचा थर, तो धरून ठेवायला चिकटद्रव्य. दोनशे वर्षांत ते द्रव्य दमट हवेत खराब होईल आणि थर सुटेल. फीत टिकली असं धरलं तरी टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा आणि फीत दाबणारं रबरी चाक कधीच चिकट होऊन गेलेलं असेल. मोटर फिरेल, फीत हलणार नाही. यानावर रबर आहे का? असेल तर कुणाच्या ताब्यात? पट्टा मिळवायला नायिकेला कुणाकडे जाऊन काय सांगावं लागेल? झाली कथा सुरू.

फार टिकायचं असेल तर लोक काय करतात तेही बघा. १९७७ च्या दोन्ही व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. सोबत सुई दिलीय आणि वाजवायचं कसं ते झाकणावर चित्रांनी कोरलंय. तेव्हा चुंबकीय फीत होती, तरी खाच कोरली. ल्यू त्सिशिनच्या ‘डेथ्स एंड’मध्ये माणसं कोट्यवधी वर्षं टिकेल असं काही शोधतात आणि शेवटी दगडात अक्षरं कोरण्यावर येतात.

अवकाशवेडी

आणि पट्टा जुना असेल तर वेग कमीजास्त होईल ना? बाईचा आवाज ओढल्यासारखा, खोल येईल. नायिकेला आधी वाटेल की पुरुष बोलतोय. तिनं कधी ध्वनिफीत ऐकलेलीच नाही, तिला चूक कशी कळणार?

पानकिडा

‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ (१९५९) नजरेखालून घाला. अणुयुद्धानंतर शतकांनी मठातला एक भाबडा साधू जुन्या सर्किटचा निळा नकाशा पंधरा वर्षं घालवून सोनेरी वेलबुट्टीसकट उतरवून काढतो. ते काय आहे हे त्याला ठाऊक नाही. वाटेत दरोडेखोर सोनेरी नक्कल पळवतो आणि मळका मूळ कागद सोडून देतो. पंधरा वर्षांचं काम वाया गेलं म्हणावं तर त्यामुळेच मूळ कागद वाचला. तुमच्या यानावर कॅसेटची पूजा होत असेल, पण ती वाजवायची असते हेच कुणाला माहीत नसेल तर?

अर्धालेखक

पूजा नको, तिथे साधू बसलाय. पण रबर घेतलं. यानावर रबर फक्त हवाबंद दारांच्या कडांना आहे आणि ते कापणं हा गुन्हा आहे, असं सुचतंय. आवाज पुरुषाचा वाटणं पण घेतो, मग ती दोनशे पानं चुकीच्या माणसाला शोधेल.

शंकासुर

दोनशे पानं? कथा म्हणाला होतात.

निर्वातनळी

दाराची कड चौकोनी छेदाची असेल तर पट्टा घसरेल, चाकाची खाच बघून कापायला लावा. आणि एक दार त्यामुळे हवा सोडायला लागेल, ते विसरू नका.